हळू आवाजाचा खलनायक

खलनायक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. भरघोस मिशा, तांबारलेले डोळे, गडगडाटी हसणे आणि बोलण्यात पदोपदी धमकी. हे चित्र नाटकसिनेमावाल्यांनी घडविले हे खरे. पण ते टिकविले आपण प्रेक्षकांनी. त्यात आपली मोठी सोय असते. माणूस पडद्यावर आला रे आला की त्याच्याशी वैर धरायचे की माया करायची याचा निवाडा चटकन होतो, आणि पुढचे दोन तास डोक्याला ताण राहत नाही.

या सोयीची किंमत मात्र थिएटरच्या बाहेर मोजावी लागते. दुष्टपणा दिसताक्षणी ओळखू येतो, असा एक गैरसमज मनात घट्ट बसतो. मग जो आरडाओरडा करतो तो वाईट, आणि जो चहा पाजून विचारपूस करतो तो भला, अशी आपली साधी वाटणी होऊन बसते. या वाटणीने कष्टकरी माणसाचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे उघड शिवीगाळीने केलेले नाही, असे आमचे मत आहे. म्हणूनच, ज्या एका नटाने एका भूमिकेत ही सोय प्रेक्षकाला साफ नाकारली, त्याच्या कामाचा येथे थोडा तपशिलाने विचार करावयाचा आहे. चित्रपट 'सामना', साल १९७५. भूमिका हिंदूराव धोंडे पाटील यांची. आणि नट निळू फुले.

आम्ही काही नाट्यशास्त्राचे पंडित नव्हे. आमचे आयुष्य कामगारांची संघटना बांधण्यात गेले. पण त्या धंद्यातही माणसाचा अभिनय वाचावा लागतो. वाटाघाटीच्या टेबलापलीकडे बसलेला गृहस्थ काय बोलतो यापेक्षा तो कसा बोलतो, कोठे थांबतो, कोणाकडे पाहतो, यावरून पुढचे महिने कसे जाणार याचा अंदाज बांधावा लागतो. त्याच नजरेने आम्ही हिंदूराव पाहिले आणि पुन्हा पुन्हा पाहिले.

प्रथम चित्रपटाची ओळख. 'सामना'चे लेखन विजय तेंडुलकरांचे, निर्मिती रामदास फुटाणे यांची आणि दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे. पटेलांचा जन्म पंढरपूरचा आणि शालेय शिक्षण आपल्या सोलापुरात झालेले. तेव्हा या चित्रपटाशी आपले गावकीचे नाते आहे असे म्हणावयास हरकत नाही. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट, आणि तो १९७५ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेला. गोष्ट थोडक्यात अशी : ग्रामीण महाराष्ट्रातील एका गावात दारूच्या आहारी गेलेला एक उपरा वृद्ध येऊन पडतो. लोक त्याला मास्तर म्हणतात. ही भूमिका डॉ. श्रीराम लागू यांची. गावचे कर्ते पुरुष हिंदूराव त्याला आपल्या आसऱ्याला ठेवतात. मास्तराच्या कानावर मारुती कांबळे हे नाव येते. हा मारुती गावातून नाहीसा झालेला आहे, आणि त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. त्याचे काय झाले, एवढा एकच प्रश्न मास्तर विचारीत राहतो. विचारता विचारता त्या प्रश्नाने हिंदूरावांच्या साम्राज्याला तडा जातो.

या चित्रपटाच्या नटसंचात एक गंमत आहे. दिग्दर्शक डॉक्टर, मास्तर झालेले लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर, आणि मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. हिंदूराव झालेले निळू फुले मात्र माळी! १९३० साली पुण्यात जन्मलेल्या या माणसाने लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केले होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात त्यांची घडण झाली. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नाव दिले, आणि १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटातील झेलेअण्णांनी त्यांना पडद्यावर आणले. पदवी नाही, अभिनयाची शाळा नाही. पण ज्याने वर्षानुवर्षे लोकांची ताबेदारी केली त्याने हुकूम करणारी माणसे खालून पाहिलेली असतात, आणि खालून पाहणाऱ्याला माणसाचे जे दिसते ते बरोबरीने बसणाऱ्याला दिसत नाही. चाकराला मालकाच्या चपलेचा आवाजही वाचता येतो. हिंदूरावांच्या भूमिकेमागे हे शिक्षण आहे असे आम्हांस वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नट भूमिका करतो म्हणजे असंख्य लहान लहान निवडी करतो. संवाद लेखकाने दिलेले असतात, कपडे ठरलेले असतात, कॅमेरा दिग्दर्शकाच्या हुकमतीत असतो. नटाच्या हाती उरतो तो आवाज, वेग, नजर, आणि कोणत्या शब्दावर आपला विश्वास आहे व कोणत्यावर नाही हे दाखविण्याचे कसब. या प्रत्येक ठिकाणी निळू फुले यांनी सोपी वाट सोडली.

पहिली निवड आवाजाची. हिंदूराव हळू बोलतात. फुले यांचा आवाज मुळात घोगरा, किंचित घासलेला. असा आवाज चढविला तर भीतिदायक होण्यास वेळ लागत नाही. त्यांनी तो खाली आणला. त्याचा परिणाम असा की समोरच्याला वाकून, कान देऊन ऐकावे लागते. जो हळू बोलतो आणि तरीही ऐकला जातो, त्याच्यापाशी सत्ता आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. बाजारात भाजी विकणारी बाई ओरडते, कारण तिने ओरडले नाही तर गिऱ्हाईक पुढे जाईल. मोर्चातला माणूस घोषणा देतो, कारण एकट्याचा आवाज कचेरीच्या वरच्या मजल्यावर पोचत नाही. ओरडणे हे गरजवंताचे साधन आहे. हिंदूरावांना गरज नाही.

दुसरी निवड थांबण्याची. फुले लोकनाट्यात तयार झालेले. उघड्यावर, हजारोंच्या गर्दीपुढे वग रंगवायचा तर वाक्य कोठे तोडायचे हे अचूक कळावे लागते. अर्धे वाक्य टाकायचे, थांबायचे, हशा येऊ द्यायचा, आणि तो ओसरण्याच्या आत पुढचे अर्धे वाक्य टाकायचे. हा थांबा त्यांच्या हाडीमांसी खिळलेला होता. 'सामना'त त्यांनी तोच थांबा वापरला, पण हशासाठी नव्हे. हिंदूराव बोलता बोलता थांबतात आणि त्या थांब्यात समोरचा माणूस आपल्या मनानेच पुढचे वाक्य पुरे करतो. धमकी हिंदूराव देत नाहीत. ती ऐकणारा स्वतःला देतो. वगातला थांबा हसू भरण्यासाठी मोकळा सोडलेला असतो, येथे तो भीती भरण्यासाठी मोकळा सोडला आहे. तमाशाच्या परंपरेतून आलेले हत्यार इतक्या वेगळ्या कामासाठी इतक्या शांतपणे वापरलेले आम्हांस दुसरीकडे दिसले नाही.

तिसरी निवड आतिथ्याची. हिंदूराव मास्तराला घरात घेतात, त्याच्या दारूची व्यवस्था ठेवतात, त्याच्याशी गप्पा करतात. दुसऱ्या एखाद्या नटाने हे सारे ढोंग आहे असे डोळा मारून प्रेक्षकाला कळविले असते. फुले तसे करीत नाहीत. त्यांचे आतिथ्य खरे आहे. हिंदूरावांना या माणसाविषयी कुतूहल आहे, कदाचित त्याची सोबत आवडतेही. आमचा तर्क असा की ज्याच्याभोवती दिवसरात्र 'होय मालक' म्हणणारी माणसे असतात, त्याला कोणीतरी बरोबरीने बोलणारा हवाहवासा वाटतो. हा एकटेपणा फुले यांनी संवादात कोठे नसताना नजरेतून दाखविला आहे. मास्तर बोलू लागला की हिंदूराव ऐकतात. पडद्यावरचे खलनायक सहसा ऐकत नसतात, ते आपल्या वाक्याची पाळी येण्याची वाट पाहत असतात.

चौथी निवड आमच्या मते सर्वांत अवघड, आणि तिच्यावरच सारी भूमिका उभी आहे. हिंदूराव मास्तराला आपला कारभार दाखवितात. साखर कारखाना उभारला, त्याच्या आधाराने उद्योग उभे राहिले, माळरान होते तेथे लोकांच्या हाताला काम आले. हे सांगताना फुले यांच्या हिंदूरावांचा ऊर खरोखर भरून येतो. त्यात खोट नाही. आणि प्रेक्षक अडचणीत सापडतो, कारण तो अभिमान खोटा नाही हे त्यालाही दिसत असते.

ही अडचण समजण्यासाठी थोडा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. सहकारी साखर कारखानदारी ही महाराष्ट्राने केलेली मोठी कामगिरी आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला आणि १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. सावकाराच्या दारात बसणारा शेतकरी कारखान्याचा भागधारक झाला. त्यानंतर राज्यभर कारखाने निघाले. आपल्या सोलापूर जिल्ह्यात तर त्यांची संख्या मोठी आहे. या कामाला नावे ठेवणारा माणूस कृतघ्न ठरेल. पण याच रचनेत एक फट राहिली. उसाचे पीक असे की ते वेळेवर तुटले पाहिजे. तोड लांबली तर ऊस वाळतो, वजन घटते आणि पुढच्या पिकाचे रान अडकून पडते. उसाची नोंद कधी लागली, तोडीची टोळी कोणाच्या फडात आधी गेली, पोराला कारखान्यात चिकटविले की नाही, सोसायटीचे कर्ज मंजूर झाले की नाही, हे सारे दोर जर एकाच माणसाच्या मुठीत गेले, तर त्याला कोणावर हात उगारण्याचे कारणच उरत नाही. तोडीची टोळी पंधरा दिवस उशिरा धाडली की काम झाले. अध्यक्ष सज्जन असेल तर गावाचे भाग्य; नसेल तर दाद कोठे मागावी?

हिंदूराव हे त्या फटीत वाढलेले झाड आहे. कारखाना खरा, विकास खरा आणि मारुती कांबळेही खरा. फुले यांनी पहिल्या दोन गोष्टी प्रामाणिकपणे साकारल्या म्हणूनच तिसरी अंगावर येते. त्यांनी जर विकासाची भाषा उपहासाने, ओठ मुडपून केली असती, तर प्रेक्षक म्हणाला असता, हा तर चोरच आहे, याचा कारखानाही लबाडीचा असणार. मग प्रश्न सुटला असता. हिंदूरावांनी उभ्या केलेल्या कारखान्याच्या बदल्यात एक माणूस नाहीसा झाला तर चालेल काय, हा तेंडुलकरांचा खरा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न जिवंत ठेवण्याचे काम या नटाने केले. 'एवढे केले त्यांनी गावासाठी, एका माणसाचे काय घेऊन बसलात', हे वाक्य प्रेक्षकाच्या मनात क्षणभर तरी उमटावे आणि उमटल्याची त्याला लाज वाटावी, अशी ही योजना आहे.

पाचवी निवड भीतीची. प्रश्न वाढत जातो तसतसे हिंदूराव अस्वस्थ होतात. येथे नटाला आवाज चढविण्याची मुभा होती. प्रेक्षकही त्याची वाट पाहत असतो, की आता तरी याचे खरे रूप बाहेर येईल! फुले येथेही आवरून धरतात. भीती त्यांनी बारीक बारीक जागी ठेवली आहे. खलनायकाची भीती अशी दाखविली की प्रेक्षकाला दोन गोष्टी एकदम कळतात. एक, हा राक्षस नव्हे, माणूस आहे. दोन, माणूस आहे म्हणूनच याला जाब विचारता येतो. राक्षसाला प्रश्न विचारून काय उपयोग? त्याला मारायला अवतारच हवा. माणसाला मात्र एक दारुडा मास्तरही प्रश्न विचारू शकतो.

याच १९७५ साली 'शोले' आला आणि अमजद खान यांचा गब्बर सिंग घराघरांत पोचला. तेही मोठे काम आहे. त्या नटानेही आवाज कधी कुजबुजीपर्यंत उतरविला, कधी एकदम फोडला. तेव्हा एकाला चढवून दुसऱ्याला उतरविण्याचा आमचा हेतू नाही. फरक जागेचा आहे. गब्बर डोंगरकपारीत राहतो, गावाबाहेरून येतो, आणि त्याचा बंदोबस्त झाला की गाव मोकळे होते. हिंदूराव गावातच राहतात. ते लग्नात अक्षता टाकतात, सभेत हार घेतात, शाळेच्या कार्यक्रमात अध्यक्षपदी बसतात. गब्बरसाठी बाहेरून भाडोत्री शूर आणता येतात. हिंदूरावांसाठी गावालाच तोंड उघडावे लागते. म्हणून गब्बरची भीती थिएटरात संपते, आणि हिंदूरावांची भीती प्रेक्षक घरी घेऊन जातो.

हळू आवाज ही निळू फुले यांची सवय होती, निवड नव्हती, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर त्यांच्याच दुसऱ्या दोन कामांत आहे. योगायोगाने तिन्हींचे लेखन तेंडुलकरांचे. १९७२ साली कमलाकर सारंग यांनी 'सखाराम बाइंडर' हे नाटक बसविले. त्यावर सेन्सॉरची बंदी आली आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्यात सखाराम होते निळू फुले. सखाराम पुस्तके बांधणारा कामगार. तो ओरडतो, शिव्या देतो, बाईवर हात टाकतो. त्याचा आवाज घर भरून टाकतो. का? कारण घराच्या चार भिंतींबाहेर त्याला कोणी विचारीत नाही. जेवढी सत्ता आहे ती एवढ्याच जागेत आहे, आणि ती आरडाओरडा करून रोज नव्याने सिद्ध करावी लागते. तीन वर्षांनी त्याच नटाने हिंदूराव केले आणि आवाज खाली आणला, कारण आता सत्ता माणसाच्या घशात नव्हती, ती कारखान्याच्या दप्तरात होती.

पुढे १९७९ साली जब्बार पटेल यांनी अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरून 'सिंहासन' काढला. त्याची पटकथा तेंडुलकरांची. त्यात फुले झाले दिगू टिपणीस, मंत्रालयाभोवती फिरणारा वार्ताहर. त्याला सर्व काही ठाऊक असते आणि त्याच्या हातून काहीही होत नाही. तो पाहतो, टिपतो, गप्प राहतो, आणि अखेर त्याच्या मनाचा तोल सुटून तो हसत सुटतो. येथेही आवाज हळूच आहे. पण हिंदूरावांचा हळूपणा मालकाचा, दिगूचा हळूपणा साक्षीदाराचा. एक हळू बोलतो कारण सर्व त्याचे ऐकतात, दुसरा हळू बोलतो कारण कोणीच ऐकणार नाही. ओरडणारा दुबळा, हळू बोलणारा बलवान, आणि हळू बोलणारा हताश : एकाच घशातून निघालेले हे तीन आवाज शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे निवड कशाला म्हणतात ते समजते.

आता हे सर्व आपल्या गावाला कशासाठी सांगावयाचे? सोलापूर हे कामगारांचे शहर. येथल्या गिरण्यांचे भोंगे बंद होऊन काळ लोटला, पण यंत्रमाग आहेत, चादरी-टॉवेलचे कारखाने आहेत, विडी वळणाऱ्या हजारो बाया आहेत. १९३० साली याच शहराने इंग्रजांचा मार्शल लॉ सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेले. त्या सत्तेचा आवाज मोठा होता, बुटांचा आणि बंदुकांचा. तिच्याविरुद्ध उभे राहण्यास अचाट धैर्य लागले, परंतु ती ओळखण्यास कष्ट पडले नाहीत. आजची सत्ता ओळखण्यासच कष्ट पडतात.

आमच्या अनुभवातील एक उदाहरण देतो, नावगाव न घेता. एका यंत्रमाग कारखान्यात मजुरीच्या दराचा वाद होता. पाच कामगारांना घेऊन आम्ही मालकांकडे गेलो. त्यांनी प्रत्येकाला नावाने हाक मारली, एकाच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली, दुसऱ्याला आईच्या आजारपणाबद्दल विचारले, चहा मागविला. अर्धा तास झाला तरी दराचा विषय कोणाच्या तोंडातून निघेना. मालक एकही कठोर शब्द बोलले नव्हते. निघताना त्यांनी फक्त म्हटले, "तुम्ही समजूतदार आहात म्हणून बरं वाटतं. सगळेच असे नसतात." पंधरा दिवसांनी पाचांपैकी दोघांची नावे हजेरीपटावर नव्हती. उरलेल्या तिघांना आम्ही विचारले, तेव्हा त्यांतला एक म्हणाला, "साहेब, मालक वाईट नाहीत हो. मुकादमानंच केलं असेल." हेच ते. आवाज चढविण्याचे काम मुकादमाचे, शिव्या मुकादमाच्या, आणि दुवा मालकाला. हिंदूरावांभोवतीची माणसे जे काम करतात ते हेच.

विडीच्या धंद्यातही तेच दिसते. बाई दिवसभर पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून विड्या नेते. तपासणारा माणूस पेंडीतून छाट काढतो. छाट जास्त निघाली तर मजुरी गेली. ती बाई तपासणाऱ्याशी भांडते, त्याच्या नावाने बोटे मोडते. ज्याच्या हिशेबात त्या छाटीचा फायदा जमा होतो, त्याचा आवाज तिने जन्मात ऐकलेला नसतो. तिच्या दृष्टीने तो खलनायक होऊच शकत नाही, कारण तो कधी ओरडलेलाच नाही.

म्हणून आम्ही आमच्या अभ्यासवर्गात 'सामना'चे नाव आवर्जून घेतो. मालक म्हणजे हिंदूराव, असे समीकरण शिकविण्यासाठी नव्हे. ते खोटे ठरेल. भले मालक असतात आणि संघटनेतही हिंदूराव निपजतात. ज्या पुढाऱ्याभोवती 'होय अण्णा' म्हणणारे चौघे जमले, ज्याच्या शब्दावाचून कोणाची रजा मंजूर होईना, ज्याला वर्गणीचा हिशेब विचारणे हा उद्धटपणा ठरू लागला, त्याचा आवाज हळूहळू खाली येऊ लागतो. तेव्हा सभासदांनी सावध व्हावे. धोरणीपणा, सत्कार, केलेली कामे, गोड विचारपूस यांतले काहीही वाईट नाही. पण त्यांतले काहीही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

मास्तराकडून शिकण्यासारखे आहे ते एवढेच. त्याच्यापाशी पैसा नाही, माणसे नाहीत, अब्रूही नाही. त्याच्यापाशी एक नाव आहे आणि एक प्रश्न आहे. हिंदूराव त्याला कारखाना दाखवोत, दारू पाजोत, मैत्री देवोत, तो फिरून त्या प्रश्नावर येतो. वाटाघाटीतही हेच करावे लागते. चहा घ्यावा, चौकशीला आदराने उत्तर द्यावे आणि मग विचारावे : दराचे काय? त्या दोघांच्या नावाचे काय? सत्तेचा हळू आवाज ऐकून आपला प्रश्न घशात अडकू न देणे, ही एक कला आहे, आणि तीही अभ्यासाने येते.

शेवटी नटाविषयी दोन शब्द. पडद्यावरच्या कामामुळे निळू फुले यांना गावोगावच्या बाया बोटे मोडीत, हे पुष्कळांनी ऐकले असेल. त्यांच्या आवाजाच्या नकला आजही होतात. त्यांतून उरतो तो बहुधा बायकांकडे वाईट नजरेने पाहणारा एक गावठी पाटील. ही नकल करमणुकीपुरती ठीक आहे. पण तिने एका बारकाईने केलेल्या कामाचे पुन्हा मिशा-डोळे-हसणे करून टाकले, आणि ज्या सोयीला त्या नटाने नकार दिला होता तीच सोय आपण त्याच्याच नावाने परत मिळविली. प्रत्यक्षात हा माणूस सेवा दलाच्या संस्काराला अखेरपर्यंत जागला. पूर्ण वेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन देता यावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागू आणि निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी नाटकाचे प्रयोग केले. पडद्यावर आमनेसामने उभे ठाकलेले हिंदूराव आणि मास्तर प्रत्यक्षात एकाच कामासाठी झोळी घेऊन उभे होते. १३ जुलै २००९ रोजी निळू फुले गेले. लागूंचे निधन २०१९ साली झाले.

सत्तेची चीड असलेल्या माणसानेच सत्ताधाऱ्याची भूमिका इतकी निर्विकारपणे, त्याला जराही वेडेवाकडे न करता उभी केली, यातच त्या कामाचे मोल आहे. शत्रूचे व्यंगचित्र काढणे सोपे. ते पाहून आपण हसतो आणि निर्धास्त होतो. शत्रूचे खरे चित्र काढणे अवघड. ते पाहून आपण शेजारच्या खुर्चीकडे आणि स्वतःकडेही निरखून पाहू लागतो. ज्यांनी 'सामना' पाहिला नसेल त्यांनी तो मिळवून पाहावा. ज्यांनी पाहिला असेल त्यांनी पुन्हा पाहताना डोळे क्षणभर मिटून केवळ हिंदूरावांचा आवाज ऐकावा, आणि तसा आवाज आपण शेवटचा कोणाच्या कचेरीत ऐकला, हे आठवून पाहावे.